लघुग्रह फोडायचा कशाला?

लघुग्रहाची बातमी आली की कुणीतरी हमखास म्हणतोच, "एवढे अणुबॉम्ब पडून आहेत, एक टाका आणि उडवून द्या की!" 1998 च्या 'आर्मागेडन' चित्रपटात लघुग्रहाला भोक पाडून आत बॉम्ब ठेवला, तेव्हापासून हे खूळ जाता जात नाही.

अहो, पण तुकडे जाणार कुठे? पुरेशा वेगाने विखुरले नाहीत तर ते त्याच वाटेने येत राहणार. एका गोळीऐवजी छर्रे!

मुळात एवढ्या उठाठेवीची गरजच नसते. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर आणि सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ती सातेक मिनिटांत कापते. लघुग्रहाला तेवढा उशीर झाला की चुकामूक. दहा वर्षं आधी त्याच्या वेगात सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरचा फरक पाडला, तर साध्या गुणाकाराने 3,150 किलोमीटर होतात. कक्षाही बदलत असल्याने प्रत्यक्षात साधारण तिप्पट.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचं सुमारे 580 किलोचं डार्ट यान डायमॉर्फस या जेमतेम 160 मीटरच्या लघुग्रहावर आदळलं. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी 11 तास 55 मिनिटांची होती, ती सुमारे 33 मिनिटांनी घटली. 73 सेकंदांचा फरकही नासाला पुरेसा वाटला असता! धडकेने उडालेल्या दगडमातीचा उलटा रेटा एवढा होता, की यानाने दिलेल्या संवेगाच्या सुमारे साडेतीन पट परिणाम झाला, असं 2023 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

अणुस्फोट अगदीच बाद नाही. वेळ कमी असेल तर तो लघुग्रहापासून थोड्या अंतरावर करायचा. क्ष-किरणांनी पृष्ठभागाची वाफ होते आणि ती लघुग्रहाला ढकलते. फोडणं तिथेही नाहीच.

काही गैरसमजही फिरत असतात. 'डार्टमुळे डायमॉर्फस आपल्याकडे वळला.' नाही, ती जोडगोळी आपल्याला धोकादायक नव्हती, आजही नाही.

'2029 मध्ये अपोफिस हा लघुग्रह आदळणार.' 13 एप्रिलला तो सुमारे 32,000 किलोमीटरवरून निघून जाईल. 2021 च्या रडार निरीक्षणांनंतर नासाने पुढच्या शंभर वर्षांतला धोकाही नाकारला आहे.

'सगळे लघुग्रह आधीच कळतात.' कुठले! 2013 मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला वीसेक मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला, कुणालाच आधी दिसला नाही. 140 मीटरहून मोठ्या, पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत. ते हुडकायला नासा 'निओ सर्व्हेअर' ही अवरक्त दुर्बीण तयार करत आहे.