दुधाच्या गाडीसाठी वाट

न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेस टग हिल हे पठार आहे. सरोवरावरील बाष्प घेऊन येणारे वारे तेथे काही भागांत हिवाळाभरात ५ मीटरहून अधिक हिम टाकतात. सार्वजनिक रस्ता शासनाची वाहने मोकळा करतात. गोठ्यापर्यंतची वाट मात्र शेतकऱ्यानेच काढावयाची. टँकर पोहोचला नाही, तर भरलेल्या टाकीतील दूध ओतून द्यावे लागते. अशा वेळी १९४७ ते १९५२ या काळात बनलेला फोर्ड ८एन ट्रॅक्टरही कामास येतो. घसारा वजा जाता त्याचे पुस्तकी मूल्य केव्हाच शून्य झालेले! चाकांना साखळ्या, टायरांत वजनासाठी सहजी न गोठणारे क्षारजल, मागे पोलादी पाते. चालकास वारंवार मागे वळून पाहावे लागते, मान आखडते. मूळची ६ व्होल्टची बॅटरी थंडीत रुसते, म्हणून ती रात्री घरात उबेला ठेवतात.