आठ दिवसांच्या उड्डाणामागचा चिखल

मिरांडाला पक्षी बघायला जायचं तर भरतीची वेळ बघूनच घरून निघावं लागतं. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडहून गाडीने तास-सव्वा तासावर, फर्थ ऑफ थेम्स नावाच्या उथळ आखाताच्या काठी ही जागा आहे. माओरी लोक तिला पूकोरोकोरो म्हणतात. ओहोटीला इथला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी म्हणजे नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे रेटत आणतं आणि शिंपल्यांच्या चुऱ्याच्या बांधावर ते दाटीवाटीने उभे राहतात. मी अलिबागकडची, त्यामुळे उधाण आणि भांग यांचं गणित लहानपणीच अंगवळणी पडलेलं. उधाणाच्या भरतीला जा, असं मी इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.

त्या गर्दीत मोठा भरणा असतो पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचा. माओरी भाषेत कुआका. अंगाने साधारण कबुतराएवढा, पण पाय लांब आणि चोच त्याहून लांब, टोकाकडे किंचित वर वळलेली. मादी नरापेक्षा मोठी आणि तिची चोचही अधिक लांब, म्हणून ती जास्त खोलातलं भक्ष्य काढू शकते. दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. चोच मुळापर्यंत चिखलात जाते, कधी कधी डोळ्यांपर्यंत तोंड बुडतं, पक्षी तिथल्या तिथे थोडा गोल फिरतो आणि मग झटक्यात मागे येतो. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म संवेदनपेशी असतात. चिखलातला किडा किंवा शिंपला दिसायची त्याला गरजच नसते, तो चोचीला लागतो. शिवाय बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, त्यामुळे खोल चिखलातही भक्ष्य पकडता येतं.

या पक्ष्याला जगभर नाव मिळालं ते उड्डाणामुळे. फेब्रुवारी 2007 मध्ये मिरांडाला काही गॉडविट पकडून त्यांच्या शरीरात उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवण्यात आली. त्यांपैकी ई-7 या खुणेची मादी मार्चमध्ये उत्तरेला निघाली आणि न थांबता चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या मुखाशी पोचली. तिथून अलास्का. यंत्राची बॅटरी एवढा काळ टिकेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती, पण ती टिकली. ऑगस्टअखेर ई-7 अलास्काहून दक्षिणेला उडाली आणि सुमारे आठ दिवसांत, सलग 11,680 किलोमीटर कापून, न्यूझीलंडला परत आली. वाटेत सगळा प्रशांत महासागर. समुद्रपक्ष्यांसारखं लाटांवर बसून दम खाणं गॉडविटला जमत नाही, त्यामुळे खाणं नाही, पिणं नाही, टेकणं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये बी-6 या खुणेचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून थेट टास्मानियाला पोचलं. 13,560 किलोमीटर, अकरा दिवस. मोठे पक्षी सहसा आधी निघून जातात. पिल्लं मागे राहून अंगात चरबी भरतात आणि मग, वाट कधीही पाहिलेली नसताना, निघतात.

हे शरीराला झेपतं कसं? ऑक्टोबर 1987 मध्ये अलास्कात कोल्ड बेजवळ प्रवासाला निघालेले काही गॉडविट रडारच्या घुमटावर आदळून मेले. थिउनिस पिर्स्मा आणि रॉबर्ट गिल या शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे 55 टक्के, नुसती चरबी निघाली. उलट जठर, आतडी, यकृत, मूत्रपिंडं अगदी लहान होती. समुद्रावर पचवायला काही मिळणार नसतं, म्हणून निघण्याआधी पक्षी पचनाचे अवयव आकसून घेतो आणि मुक्कामी पोचल्यावर ते पुन्हा वाढवतो. वाराही तो निवडतो: उत्तर प्रशांतात वादळ उठलं की त्याच्या मागच्या बाजूचा, दक्षिणेकडे वाहणारा वारा पकडून निघतो.

उड्डाणाचे हे आकडे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती चरबी, कारण तिचा कण न् कण चिखलातून आलेला असतो. दक्षिणेला येताना अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावरचा चिखल, उत्तरेला जाताना चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राचा. मार्चमध्ये मिरांडाचे नर विटकरी तांबडे होतात आणि संध्याकाळकडे थवे ओरडत उठतात. सुमारे 10,000 किलोमीटर उडून ते पीत समुद्राला टेकतात तेव्हा अंगात काहीच शिल्लक नसतं. तिथे पोटभर मिळालं नाही तर पुढे टुंड्रात जाऊन अंडी घालायचं बळ येणार कुठून?

आणि पीत समुद्राचा चिखल तर आपण माणसांनी भराभर बुजवला. दक्षिण कोरियात सेमान्गमला 33 किलोमीटर लांबीची भिंत समुद्रात बांधली. एप्रिल 2006 मध्ये ती पूर्ण झाली आणि सुमारे 400 चौरस किलोमीटरची भरती-ओहोटी तुटली. चिखलातले शिंपले मेले, पक्ष्यांचं ताट गेलं. खाजण म्हणजे पडीक जागा, भर घाला आणि वापरा, हे मी रायगडच्या किनाऱ्यावरही ऐकत मोठी झाले. सायबेरियातून येणारे याच जातीचे पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढतात, कच्छच्या आखातात विशेष. त्यांचंही पोट त्याच पडीक म्हटलेल्या चिखलावर भरतं.

थोडं बरंही घडलं आहे. चीनने 2018 मध्ये व्यापारी कामांसाठी समुद्रात भर घालण्यावर बंदी जाहीर केली. 2019 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरचा आणि 2021 मध्ये दक्षिण कोरियाचा काही चिखल युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. सेमान्गम अर्थातच त्यात नाही. पण त्याच्या थोडं उत्तरेला, गेउम नदीच्या मुखाशी असलेला सोचॉनचा चिखल आहे, आणि वसंतात गॉडविट तिथे उतरतात.