आभासी जग आणि देहधारी माणूस

डोळ्यांवर एक विशिष्ट चष्मा चढवावा आणि वसईत बसल्या जागी जेरुसलेमच्या गल्ल्यांतून फिरावे, हे आता शक्य झाले आहे. या तंत्रज्ञानास ‘आभासी वास्तव’ म्हणतात. चष्मा दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवितो, त्यामुळे दृश्यास खोली येते. मान वळली की दृश्यही वळते आणि आपण तिथेच आहोत असा मेंदूचा समज होतो. काही विचारवंत याच्याही पुढे जातात. माणसाच्या आठवणी व विचार संगणकात उतरवून त्याची जाणीव एकाच वेळी अनेक ठिकाणी वाटून ठेवता येईल आणि मरण टळेल, असे त्यांना वाटते. पहिली गोष्ट घडलेली आहे. दुसरी अद्याप केवळ कल्पना आहे.

भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी होताना त्यांचे लक्ष वेदनेवरून दूर न्यावे म्हणून या चष्म्याचा उपयोग झाला आहे. असा उपयोग स्वागतार्हच होय. परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एमबीसी वाहिनीने दाखविलेला माहितीपट आम्हांस अधिक विचारात पाडतो. २०१६ साली आजाराने दगावलेल्या सात वर्षांच्या मुलीचे रूप तंत्रज्ञांनी संगणकावर घडविले. तिच्या आईने चष्मा व हातमोजे घातले. मुलगी धावत आली, बोलली, वाढदिवसाचा केकही झाला. आई रडत हात पुढे करीत होती. स्टुडिओत मात्र तिच्यासमोर कोणीच नव्हते.

त्या आईस दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्याने अपत्य मातीआड केले, त्यालाच ते दुःख कळते. तरीही प्रश्न उरतो: आईला भेटले कोण? त्या प्रतिमेला आई ठाऊक नव्हती. तिचे बोलणे इतरांनी योजलेले होते.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे उपयोगी पडते. आत्मा हा देहात उतरलेला पाहुणा नव्हे; देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. फ्रान्समधील व्हिएन येथील विश्वपरिषदेने १३१२ साली हे सिद्धांतरूपाने मांडले. म्हणून संगणकात उतरते ती माहिती, माणूस नव्हे. आपण श्रद्धा प्रकट करतो ती देहाच्या पुनरुत्थानावर, आठवणींच्या नकलेवर नव्हे. पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपल्या जखमांना हात लावण्यास सांगितले होते.

याच कारणास्तव साक्रामेंते पडद्यावरून मिळत नाहीत. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ साली इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट केले होते. २०२० च्या टाळेबंदीत आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली, ते योग्यच होते. आजारी व वृद्ध भाविकांना आजही तिचा आधार आहे. (धडधाकट माणसाने अंथरुणात लोळत मिस्सा ‘लावणे’ ही निराळी गोष्ट.) त्याच वर्षी १७ एप्रिलच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी बजावले होते, की लोकांवाचून आणि साक्रामेंतांवाचून प्रभूशी साधलेली जवळीक ही ख्रिस्तसभेची जवळीक नव्हे.

मृतांशी आपले नाते प्रार्थनेने व मिस्साबलीने टिकते. पण शोकाकुल आईला तेवढ्याने धीर येतोच असे नाही. तिला शेजारी बसणारे माणूसही हवे असते. आपल्या धर्मग्रामांत अंत्यविधीला चर्च भरते, २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. महिन्याच्या मिस्सानंतर मात्र तिच्या घरी जाणे बहुतेकांचे थांबलेले असते.