नर्सिंगला जायचे? आधी हे पाहा

बारावीचा निकाल लागला की ‘मुलीला नर्सिंगला घालावे का?’ असे अनेक पालक विचारतात. ‘नोकरी लवकर लागते’ एवढ्यावरच पुष्कळ घरांत निर्णय होतो. पण काम मुलीला करायचे असते. ते कसे असते, हे फी भरण्यापूर्वीच तिला कळायला हवे.

ताप, नाडी, रक्तदाब नोंदणे, इंजेक्शन देणे, सलाईनवर लक्ष ठेवणे ही कामे सर्वांना दिसतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे अंग पुसणे, बेडपॅन देणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलणे, हेही रोजचेच काम आहे. रुग्ण ओरडतो, नातेवाईक चिडतात. तरी आवाज शांत ठेवावा लागतो.

रक्त पाहून भोवळ येते, म्हणून हा मार्ग बंद झाला असे समजू नये. सुरुवातीला अनेकांना तसे होते. सरावाने बहुतेकांची भीती जाते. निष्काळजी स्वभाव मात्र येथे चालत नाही. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, देण्याची पद्धत आणि वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्या लागतात. चूक झालीच तर ती ताबडतोब सांगण्याचे धैर्य हवे. लपवलेली चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

प्रकृतीचाही विचार करावा. तासन् तास उभे राहणे, रुग्णाला उचलणे, रात्रपाळी यांमुळे कंबरदुखी व झोपेच्या तक्रारी उद्भवतात. फिट्स, दमा किंवा पाठीचे जुने दुखणे असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वॉर्डात काम सुरू होण्यापूर्वी हेपेटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करावेत. वापरलेली सुई टोचल्यास हा आजार होऊ शकतो.

बारावीनंतर ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा व बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा असतो. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. जी.एन.एम. व बी.एस्सी. मुलांनाही खुले आहेत. संस्थेला भारतीय परिचर्या परिषद व राज्य परिषदेची मान्यता आहे का, याची खात्री करावी. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकल्यास परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

निर्णयापूर्वी ओळखीच्या दोन-तीन सिस्टरना भेटावे. पगाराबरोबरच रात्रपाळीविषयी, सणावारी घरी नसण्याविषयी आणि पहिला मृत्यू पाहिला त्या दिवसाविषयीही विचारावे. घरात कुणी आजारी असल्यास आठवडाभर त्याची सर्व सेवा स्वतः करून पाहावी. थकवा येणारच, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खाटेजवळ जाण्यास मन तयार होते का, हे पाहावे. होत असेल तर निश्चिंतपणे अर्ज करावा. होत नसेल तर त्यात कमीपणा नाही. प्रयोगशाळा, क्ष-किरण, औषधनिर्माण असे आरोग्यसेवेचे इतर मार्ग मोकळे आहेत. मन नसताना पालकांच्या आग्रहाखातर मात्र या कामात पडू नये.