गिंडी ते सैदापेट : फौजदारी वकिलाची वाट

चेन्नईच्या गिंडीत कुणाला अटक झाली, की पोलीस ठाण्यातल्या पहिल्या भेटीपासून अपिलापर्यंतचे सगळे काम बहुधा एकाच फौजदारी वकिलाकडे येते. इंग्लंडमध्ये ते दोघांत वाटलेले असते: ठाण्यावर जाणारा, कागद जमवणारा सॉलिसिटर आणि वरच्या न्यायालयात उभा राहणारा बॅरिस्टर. मद्रास उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही अ‍ॅटर्नीचा वर्ग वेगळा होता. अधिवक्ता कायद्यात 1976 साली झालेल्या दुरुस्तीने तो संपला. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा अजून होते, पण ती उत्तीर्ण झालेले सहसा मिळकती आणि कंपन्यांच्या कागदांत रमतात. कोठडीकडे क्वचितच फिरकतात.

कायद्याची पदवी, तमिळनाडू व पुदुच्चेरी बार कौन्सिलकडे सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढे झाले की काळा कोट चढतो. शिक्षण मात्र ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली सुरू होते: तारखा घेणे, नकला काढणे, जामीनदारांची कागदपत्रे तपासणे. हे काम वर्षानुवर्षे जवळपास फुकटात होई. जून 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बजावल्यावर बार कौन्सिलने कनिष्ठांसाठी महिना किमान 20,000 रुपये (चेन्नई, मदुराई, कोइंबतूर) आणि इतरत्र 15,000 रुपये ठरवले.

गिंडीत अटक झालेल्याची पहिली हजेरी अड्यार नदीपलीकडच्या सैदापेट न्यायालयात; लोकलने एकच स्टेशन. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे आणावा लागतो. चौकशीदरम्यान त्याला वकिलाला भेटता येते, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. त्यामुळे कौशल्य दिसते ते रिमांडच्या अर्जावर: अटकेची कारणे कळवली का, अंगावर जखमा आहेत का, अटकेची गरज तरी होती का. त्यानंतर दिवस मोजणे आले. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काने मिळतो. रिमांडचा पहिला दिवसही त्यात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला नाही तर हक्क जातो. मोठ्या युक्तिवादापेक्षा भिंतीवरचे कॅलेंडर अशिलाला आधी सोडवते.

तमिळनाडूत आणखी एक कायदा या वकिलांना गुंतवून ठेवतो. 1982 चा 14 वा कायदा बोलीत ‘गुंडा कायदा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातल्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याचा सख्खा भाऊच. पोलीस आयुक्तांच्या आदेशाने माणूस खटल्याशिवाय 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्ध राहू शकतो आणि सल्लागार मंडळापुढे वकिलाला प्रवेश नाही. उरतो तो उच्च न्यायालयातला हेबियस कॉर्पसचा अर्ज. तिथे लढाई आरोपांपेक्षा कागदांवर होते: आदेशाच्या आधाराची प्रत वाचता न येणारी होती, स्थानबद्धाला कळणाऱ्या भाषेतला तर्जुमा दिला नाही, निवेदनावर विनाकारण विलंब झाला. अशा चुकांवर आदेश रद्द होतात.

खटला उभा राहिला की काम तमिळमध्ये चालते. अपिलात तेच साक्षीपुरावे इंग्रजीतून मांडावे लागतात. उलटतपासातला निसटता शब्द भाषांतरात हरवू नये म्हणून जाणता वकील मूळ जबानी जवळ ठेवतो. अशिलाशी निवांत बोलायचे तर पुळल गाठावे लागते. शहराच्या मध्यातले जुने मध्यवर्ती कारागृह 2006 मध्ये तिथे हलले. गिंडीहून ते शहराचे दुसरे टोक.

ज्याला फी परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या होसकोट प्रकरणात मान्य केला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेने त्यातून पूर्ण वेळाची नोकरी निर्माण केली. साहाय्यक बचाव वकील तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाचा चालतो. उपप्रमुखाला 7 आणि प्रमुखाला 10 वर्षे फौजदारी वकिली लागते, शिवाय सत्र न्यायालयात अनुक्रमे 20 आणि 30 खटले चालवलेले असावे लागतात. नेमणूक कंत्राटी असते, आणि त्या काळात खासगी वकिली बंद.