दुकानातली मोटार आणि शर्यतीचे मैदान

शंकरपटात उद्या कोणी नियम केला की, जो बैल नांगराला जुंपतात तोच इथे पळेल, तर काय होईल? हौशी मालक पळणाराच बैल पाळील आणि नियमापुरता त्याला नांगराला जुंपील! ऑस्ट्रेलियात मोटारींच्या बाबतीत नेमके हेच घडले.

न्यू साउथ वेल्समध्ये बाथर्स्ट गावाजवळच्या डोंगरी रस्त्यावर 1963 सालापासून 500 मैलांची शर्यत होऊ लागली. अट अशी की, गाडी गिऱ्हाइकाला दुकानात मिळते तशीच हवी. हेतू चांगला होता. कोणती गाडी टिकते, हे लोकांना कळावे. पण शर्यत जिंकली की गाड्या खपतात, हे कारखानदारांनी हेरले. शर्यतीसाठी गाडी बदलता येत नाही ना? मग विकायची गाडीच शर्यतीची करू!

फोर्डची फाल्कन ही मुळात अमेरिकेतली घरगुती मोटार. तिचे ऑस्ट्रेलियन रूप मेलबर्नला तयार होई. त्यातूनच 1971 साली ‘जीटी-एचओ फेज थ्री’ निघाली. चार दारे, मागे मुलाबाळांना ऐसपैस जागा. पण बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे 5.8 लिटरचे इंजिन. पेट्रोलची टाकी तब्बल 36 गॅलनांची, म्हणजे सुमारे 164 लिटरची. शर्यतीत वारंवार थांबायला नको! वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरांच्या घरात. अशा गाड्या झाल्या अवघ्या 300.

त्या वर्षी ॲलन मॉफट याने एकट्याने गाडी हाकून शर्यत जिंकली. मध्येच पुठ्ठ्याचे एक खोके उडून गाडीच्या पुढल्या जाळीला चिकटले. वारा अडला की इंजिन तापणार. पण गडी थांबला नाही.

पुढे 1972 साली वर्तमानपत्रांनी ओरड केली, की असल्या गाड्या तरुण पोरांच्या हाती रस्त्यावर द्यायच्या काय? मंत्र्यांनीही दटावले. तेव्हा फोर्डने पुढची आवृत्ती चार गाड्यांवरच थांबवली. 1973 पासून शर्यतीसाठी गाडीत फेरफार करायला मुभा मिळाली. म्हणजे पळणारा बैल मैदानात राहिला, आणि नांगराचा बैल शेतात.

उरलेल्या गाड्या आता संग्राहकांकडे आहेत. 2018 साली एक लिलावात दहा लाख डॉलरांवर गेली. पण खरा धडा किमतीचा नाही. नियम करताना त्याचा हेतू पाहून भागत नाही. माणसे त्यातून कोणती वाट काढतील, तेही आधी पाहावे लागते.