पास, नापास आणि पासदारी

जून महिन्यात शाळा उघडते. त्या पहिल्या आठवड्यात आमच्या कानावर सगळ्यांत जास्त पडणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले, तर आम्ही लगेच सांगू : पास.

सकाळी फाटकापाशीच एक आई भेटते. "टीचर, लडकी पास हो गयी, अल्हम्दुलिल्लाह. अब कौनसे कॉलेज में डालूं?" पुढे सरकतो तोच सिन्नरकडच्या गावातून येणारी मुलगी एसटीच्या पाससाठी बोनाफाईड मागते. मैदानावर मुले फुटबॉलमागे धावत "पास दे, पास दे!" म्हणून ओरडत असतात. ऑफिसात डोकावले, तर लिपिक सांगतात, की अमुक बिल अजून पास झालेले नाही आणि तमक्याने पासबुकाची झेरॉक्स जोडलेली नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत कोणीतरी पासवर्ड विसरलेले असते. मधल्या सुट्टीत घरून फोन येतो, की मामूंची बायपास ठरली. संध्याकाळी द्वारका सर्कलला वाहने तुंबलेली असतात, शेजारचा रिक्षावाला पुढच्या गाडीची पाटी पाहून म्हणतो, "ये तो मालेगाव पासिंग है." एमएच ४१ म्हणजे मालेगाव, एमएच १५ म्हणजे नाशिक, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असते.

एका दिवसात एवढे पास! पण यातल्या कोणालाही कधी अर्थ विचारावा लागत नाही. पुढचामागचा शब्द पाहून आपण बरोबर समजून घेतो. इंग्रजी शिकवताना आम्ही मुलांना हेच सांगतो, की शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो त्याहून जास्त त्याच्या शेजाऱ्यांत असतो.

पाऊल, नदी आणि मुराद

इंग्रजी 'पास' हा शब्द मूळचा लॅटिनमधला. तिथे 'पासुस' म्हणजे पाऊल. पाऊल टाकत पुढे जाणे, ओलांडणे, पलीकडे पोहोचणे, हा त्याचा मूळ भाव. म्हणून डोंगरातून पलीकडे नेणारी वाट म्हणजेही पास. भूगोलाच्या पुस्तकात आपण तिला खिंड म्हणतो. आपल्या कसाऱ्याचा थळ घाट इंग्रज अभियंत्यांनी रेल्वेसाठी फोडला आणि १८६५ साली तिथून गाडी वर चढली, तेव्हा नाशिकला मुंबई जवळ आली. आज त्याच वाटेने पंचवटी एक्सप्रेसमधून रोज मुंबईला जाणाऱ्या मंडळींना आपण 'पासधारक' म्हणतो. डोंगरातला पास ओलांडायला खिशात पास लागतो तो असा.

परीक्षेचा पासही त्यातूनच आला. मराठीत त्याला छापील शब्द आहे 'उत्तीर्ण'. हा संस्कृतातला, 'तरून पलीकडे गेलेला' असा त्याचा अर्थ. तरणे, तीर्थ हे शब्द त्याच धातूचे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची उथळ जागा. गोदावरीकाठी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. उर्दू शाळेच्या निकालावर मात्र 'कामयाब' असे लिहितात. फारसीत 'काम' म्हणजे इच्छा, मुराद. 'याब' म्हणजे मिळवणारा. ज्याची मुराद पुरी झाली तो कामयाब.

इंग्रजीने पाऊल टाकले, मराठीने नदी ओलांडली आणि उर्दूने मुराद पुरी केली. पस्तीस गुण तेच, पण तीन भाषांनी त्यांच्याकडे तीन नजरांनी पाहिले. आमच्या घरांत या तिन्ही भाषा रोज एका ताटात जेवतात, याचे आम्हाला नेहमीच अप्रूप वाटते.

आणि 'नापास'? हा तर अस्सल आपल्याकडचा. नापसंत, नालायक, नाखूष यांतला फारसी 'ना' घेतला आणि तो थेट इंग्रजी पासला जोडून टाकला. लंडनच्या माणसाला तो कळणार नाही आणि तेहरानच्या माणसालाही नाही. नाशिकच्या चौथीतल्या मुलाला मात्र तो पोटात गोळा येईपर्यंत कळतो. 'काठावर पास' हाही असाच आपला. नदीचा काठ पुन्हा आलाच! 'टाइमपास'चेही तसेच. गाडीत शेंगदाणे विकणारा नुसते "टाइमपास, टाइमपास" म्हणत फिरतो आणि आपल्याला बरोबर कळते, की टोपलीत काय आहे.

'पासआउट' या शब्दाशी मात्र मुलांनी जपून वागावे. "मी २०१५ ची पासआउट आहे," असे आपल्याकडे सहज म्हणतात. त्र्यंबक रोडच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांची 'पासिंग आउट परेड' होते, तिथे तो शब्द चोख आहे. पण एरवी इंग्रजी मुलखात 'पास आउट' झालो म्हटले, तर समोरचा पाण्याचा ग्लास घेऊन धावत येईल. तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे!

कागदाचा तुकडा

पास म्हणजे परवानगीचा कागद, हा अर्थ आमच्या मुलींच्या आयुष्यात परीक्षेच्या पासइतकाच मोठा आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ती अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना. इतर विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते. अलीकडे एसटीने हे पास थेट शाळेत नेऊन द्यायला सुरुवात केली. आधी मुलींना आगारात रांगा लावाव्या लागत. ज्या घरात सातवीनंतर "अब बस हुआ" म्हणायची तयारी झालेली असते, तिथे हा छोटासा कागद मुलीची बाजू घेतो. भाड्याचा प्रश्न मिटला, की अब्बांची निम्मी हरकत मिटते. म्हणून आम्ही बोनाफाईडवर सही करायला कधीच "उद्या ये" म्हणत नाही.

पास नावाच्या कागदाने आपल्या बुजुर्गांनाही फार पिडले आहे. सोळाव्या शतकात समुद्रावर पोर्तुगीजांची हुकूमत होती. हाजींच्या जहाजालाही त्यांचा परवाना घ्यावा लागे. त्याला ते 'कार्ताझ' म्हणत. त्यावर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांची चित्रे असत. असा कागद बाळगून जावे लागत असेल, तर हज फर्ज राहते का, असा सवाल अकबर बादशाहच्या दरबारातल्या उलेमांनी उभा केला होता. तरीही बादशाहच्या फूफी गुलबदन बेगम १५७६ साली सुरतेहून जहाजात बसल्या. त्याआधी त्यांनाही परवान्यासाठी बंदरात खोळंबून राहावे लागले. मराठ्यांचे आरमार उभे राहिल्यावर आपल्याकडेही जहाजांना 'दस्तक' देत. दस्तक हाही फारसीच शब्द. पुढे हजला जाणाऱ्यांसाठी खास 'पिलग्रिम पास' असे. २००९ पासून मात्र प्रत्येक हाजीला आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागतो. आणि २०२० साली तर आपण सगळ्यांनीच पाहिले, की नाशिकहून शेजारच्या जिल्ह्यात मय्यतीला जायचे, तरी मोबाइलवर ई-पास दाखवावा लागत होता.

आमची लाल शाई

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गाला आम्ही 'माझे कुटुंब' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. सत्तर वह्या, रमजानचे दिवस, असरनंतरची वेळ. आम्ही भराभर तपासत होतो. एका मुलीच्या वहीत तिसरी ओळ होती : "माय फादर पास्ड लास्ट इयर." आम्हाला हसू आले. आम्ही 'पास्ड'खाली लाल रेघ ओढली आणि समासात इंग्रजीत लिहिले : "कोणती परीक्षा?" पुढे उद्गारचिन्हही टाकले. आमच्या मते तो विनोद होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. सगळा वर्ग बाहेर जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "टीचर, परीक्षा नहीं. अब्बा गुजर गए ना पिछले साल. मैंने वो लिखा था."

त्या क्षणी आमच्या तोंडातून शब्द फुटला नाही. शाळा नवीन, मुलगी नवीन, हे सगळे खरे. पण प्रवेशअर्जावर वडिलांच्या नावापुढे 'मरहूम' लिहिलेले होते आणि तो अर्ज आमच्याच कपाटात होता. अधिक लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. तिचे इंग्रजी चुकलेलेच नव्हते. इंग्रजीत नुसते 'पास्ड' म्हटले, तरी 'वारले' असा अर्थ होतो. अमेरिकेत तर तसे सर्रास म्हणतात. तिने ते मोबाइलवरच्या कुठल्याशा मालिकेतून उचलले होते. बी.एड. झालेल्या, इतकी वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही तिचा बरोबर शब्द चूक ठरवला होता. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो, हे मुलांना सांगणारे आम्ही, त्या शब्दाच्या शेजारी 'फादर' उभे आहे, तेच पाहिले नाही.

आम्ही तिची माफी मागितली. "माफ कर बेटा, गलती हमारी है, तेरी नहीं." लाल रेघ खोडली. मग शिक्षकाच्या सवयीने म्हणालो, की आपल्याकडे 'पास्ड अवे' असे पूर्ण लिहिले, तर वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. तिने वहीत 'अवे' जोडले, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "टीचर, अवे मतलब दूर ना? तो पास भी और दूर भी?"

तिसरा पास

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हा देता आले नाही. नंतर शब्दकोश घेऊन बसलो, तेव्हा कळले, की आपल्या बोलण्यातला 'पास' एक नाही, तीन आहेत. दिसायला सारखे, पण घराणी वेगळी.

पहिला इंग्रजी, त्याचे आतापर्यंत पुष्कळ झाले. दुसरा, 'मेरे पास' मधला. तो संस्कृत 'पार्श्व'पासून आला. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मराठीतले 'पाशी', 'पासून', 'आसपास', 'जवळपास' हे त्याचेच भाऊबंद. आईपाशी झोपलेले मूल या शब्दात अजून झोपलेले आहे.

तिसरा फारसी. त्याचा अर्थ पहारा, राखण; त्यावरून लिहाज, कदर, जपणूक. पहारेकरी तो 'पासबान'. वचनाचा पास, अदबीचा पास, कोणाच्या भावनांचा पास ठेवणे, त्यालाच 'पासदारी' म्हणतात. आमच्या नानी भांडणाऱ्या सुनांना म्हणत, "अरे, कुछ तो बड़ों का पास रखो!" लहानपणी आम्हाला वाटे, की मोठ्यांचे काहीतरी सामान जवळ ठेवायला सांगतात. आज हा शब्द घराघरांतून जवळजवळ उठून गेला आहे. बसचा पास आहे, परीक्षेचा पास आहे, पण तो पास आम्ही मुलांना शिकवायचे विसरलो. मुलांना कशाला, त्या दिवशी लाल पेन हातात असताना आम्हीच विसरलो होतो. सूरह अद-दुहामध्ये यतीमाशी कठोरपणे वागू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. ती सूरह आम्ही नमाजमध्ये किती वेळा पढली असेल, याची गणती नाही.

या तिसऱ्या पासची सर्वांत जास्त गरज लागते ती निकालाच्या दिवशी. राज्य मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवरचा 'नापास' हा शेरा काढून 'फेरपरीक्षेस पात्र', 'कौशल्य विकासास पात्र' असे शेरे आणले, ते मुलांच्या मनाचा पास ठेवूनच. पण मंडळाने कागदावरून काढलेला शब्द आपण दिवाणखान्यात पुन्हा आणून ठेवतो. पाहुण्यांसमोर विचारतो, "कितने आए? चचा के लड़के को तो नब्बे आए." तुलनेचा तराजू काढतो आणि आपल्याच मुलाला म्हणतो, की तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस. पासंग म्हणजे तराजूचा तोल साधायला अडकवलेला दगड. दगडाची उपमा आपण पोटच्या पोराला देतो.

आमची पालकांना एवढीच विनंती, की निकाल मोबाइलवर पाहायचा, तो मुलाला शेजारी बसवून पाहा. कमी गुण आले, तर त्या दिवशी पाहुण्यांचे फोन तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका. जून-जुलैत फेरपरीक्षा असते, तिचा फॉर्म भरायची तारीख शाळेत विचारून ठेवा. रागवायचेच असेल, तर आठ दिवसांनी रागवा. तोवर तुमचाच राग उतरलेला असेल, इन्शाअल्लाह.

आणि आमच्यासारख्या शिक्षकांसाठीही एक गोष्ट. त्या दिवसापासून वही तपासताना आम्ही आधी पूर्ण पान वाचतो, मग पेनाचे टोपण काढतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रवेशअर्ज चाळून यतीम मुलांची नावे डायरीत लिहून ठेवतो. पाच मिनिटांचे काम आहे, पूर्वी का केले नाही, कोण जाणे.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. परवा व्याकरणाच्या तासाला आम्ही फळ्यावर 'पास' लिहून वर्गाला त्याचे अर्थ विचारले. मुलांनी अकरा सांगितले. बारावा तिने सांगितला. हात वर करून, उभी राहून म्हणाली, "लिहाज." आम्ही तो फळ्यावर सर्वांत वर लिहिला.